शेवटचा आकडा आधी

सोहारला दुपारी दोन वाजता
खिडकीच्या काचेला हात लावायचा नाही.
बंदरावरच्या क्रेन उन्हात वितळल्यासारख्या हलतात
आणि मी तीनशे अकरा माणसांचे पगार
आकडा-आकडा सुटा करत बसते.

बँकेचा फॉर्मच तसा.
प्रत्येक आकड्याला वेगळा चौकोन,
कॅम्पात माणशी एक खाट असते तसा.
यंत्राला मात्र एकशे सदतीस म्हणजे अख्खा दगड.
आत एक आहे, तीन आहे, सात आहे,
हे त्याला सांगावं लागतं.

रीत पाटीवरचीच.
दहाने भाग. बाकी सात. उचलून ठेव.
भागाकार तेरा. पुन्हा दहाने भाग.
तीन.
पुन्हा.
एक.
भागायला काही उरलं नाही की थांब.

निघतात ते असे उलटे.
पहिल्या महिन्यात मी तसेच छापले,
आणि एकशे दोन रियालचा एक हेल्पर
दोनशे एकची स्लिप खिशात घालून
दिवसभर कुणाशी बोलला नाही.
संध्याकाळी स्वतःच परत आणून दिली.

शेजारच्या टेबलावरून सालिम अल-बलुशी म्हणाला,
यात उलटं काय? आम्ही म्हणतोच
खम्सा व इश्रीन, पाच आणि वीस.
मला शाळा आठवली. दोनावर पाच पंचवीस.
डोळ्याला दोन आधी,
जिभेला पाच.

कोपऱ्यावरच्या बकाल्यात गल्ल्यावरचा मुलगा
सुटे बैसे हातावर ठेवताना म्हणतो, बाकी.
आपलाच शब्द. की त्यांचाच, आपल्याकडे राहिलेला.
फोनवर भाऊही हेच विचारतो, बाकी काय?
भागाकार किती आला
हे कुणी विचारत नाही.

जुलैच्या स्लिपा वाटल्या त्या दिवशी
इब्राहिम सोलकर वर आला. परांच्या बांधतो. दाभोळचा.
हेल्मेट काखेत, कपाळावर त्याचा लाल वळ.
ताई, म्हणाला, माझा चौकोन कोरा हाय.

बघितलं. मेसचे कापलेले,
तिकिटाचे कापलेले, मार्चमधली उचल कापलेली.
हातात येणार होतं शून्य.
आणि माझी सूचना अशी, की
संख्या शून्याहून मोठी असेल तोवरच भागत राहा.
यंत्र उंबऱ्यावरूनच मागे फिरलं होतं.
चुकलं नव्हतं ते. सांगितलं तेवढंच केलं.

पैसे नाय येणार, ते मला म्हायती हाय,
इब्राहिम म्हणाला. पण कोरा कागद घरी पाठवला
तर बायकोला वाटंल, मीच खोडलं.
निदान शून्य तरी येऊ द्या.

मी अट उचलून तळाशी नेली.
आधी एकदा भाग,
मग विचार, उरलंय का काही.
एका ओळीची जागा बदलली, बस.
प्रिंटर खाकरला, आणि चौकोनात
वाटोळं शून्य आलं, काठाला जरा चिकटून.

अरबी बाजूला नुसता ठिपका.
इब्राहिमने तो नखाने खरवडून पाहिला.
माशी बसली काय?
सालिम म्हणाला, आमचं शून्य एवढंच.
असं गोल काढलं, तर आम्ही पाच वाचतो.

इब्राहिम स्लिप धरून उभाच राहिला.
म्हंजे आमचं शून्य तुमच्याकडं पाच?
मग गल्ल्यावरच्या पोराला हीच बाजू दाखवतो,
म्हणाला, बघू, चहा देतो का.

पहिल्यांदा सालिम हसला, मग तो,
मी सगळ्यात शेवटी.
त्याने कागदाची चार घडीत चिंधी केली,
हेल्मेट चढवलं. जिन्याचं दार उघडलं तेव्हा
उन्हाची एक भट्टी आत येऊन गेली.

माझ्या यादीत अजून दोनशे चाळीस जण होते.
त्यातलं शून्य आधी निघालं.